मदत हवी आहे: एम16 मध्ये घर, पण कौन्सिल मँचेस्टर की ट्रॅफर्ड?

नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये पुण्याहून मँचेस्टरला शिफ्ट होतोय, मुलगी सप्टेंबरात इयर 6 ला (प्रायमरीचं शेवटचं वर्ष) जाईल. दोन घरं शॉर्टलिस्ट केलीत, दोन्हींचा पोस्टकोड एम16 नेच सुरू होतो, पण सरकारी साईटवर पूर्ण पोस्टकोड टाकून बघितला तर व्हॅली रेंजचं घर मँचेस्टर सिटी कौन्सिलमध्ये (कौन्सिल म्हणजे तिथली पालिका) दाखवतंय आणि ओल्ड ट्रॅफर्डचं ट्रॅफर्डमध्ये. ग्रेटर मँचेस्टरमध्ये 10 वेगळे बरो (प्रत्येकाची स्वतःची कौन्सिल) आहेत आणि पोस्टकोड त्यांच्या हद्दी पाळत नाहीत हे आता कळलं, एजंट मात्र म्हणतो सगळं एकच, काही फरक पडत नाही. मला तर मोठा फरक वाटतो कारण सरकारी ग्रामर स्कूल्स (प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या बिनफीच्या सेकंडरी शाळा) ट्रॅफर्डमध्ये आहेत, मँचेस्टर कौन्सिलच्या हद्दीत नाहीत.

सेकंडरीचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत आपल्या राहत्या कौन्सिलकडेच करायचा, शाळा दुसऱ्या बरोची असली तरी, एवढं माहितीये. बजेट दोन्हीकडे सारखंच, गाडी नाही, त्यामुळे ट्रॅफर्डमधल्याच सेल (Sale) किंवा आल्ट्रिंचम या गावांत राहणं जमणार नाही.

तर ट्रॅफर्डच्या ग्रामर स्कूल्स प्रवेशाला कौन्सिलची हद्द बघतात, पोस्टकोड बघतात की नुसतं शाळेपासूनचं अंतर? व्हॅली रेंजमधून कुणाच्या मुलांना तिथे प्रवेश मिळालाय का?