शब्दचर्चा : 'इन्व्हेंटरी'ला बोचकं म्हणावं की खण?

गेले दोन आठवडे रात्री जेवणं उरकली की मी आणि चुलतभाऊ 'रेसिडेंट ईव्हिल झीरो' हा भीतीचा व्हिडिओ गेम खेळायला बसतो. कंट्रोलर एकाच्या हातात, दुसरा शेजारी बसून ओरडणार, "का बे, शॉटगन तिथंच ठेवून आलास?" परवा आजीनं विचारलं, एवढं कशावरून भांडताय? तिला मराठीत सांगायला गेलो आणि शब्दच सापडेनात.

खेळात दोघं आहेत. रेबेका ही अठरा वर्षांची पथकातली वैद्यकीय मदतनीस, तर बिली हा फाशीची शिक्षा झालेला माजी सैनिक. दोघांनाही एका वेळी सहाच वस्तू जवळ ठेवता येतात; जवळच्या सामानाच्या या जागेलाच 'इन्व्हेंटरी' म्हणतात. शॉटगनसारखी मोठी वस्तू दोन जागा खाते. आधीच्या भागांत सामान ठेवायला पेट्या असायच्या आणि एका पेटीत ठेवलेलं दुसऱ्या पेटीतून काढता यायचं. इथं पेटीच नाही. नको ते जमिनीवर ठेवायचं, लागलं की तिथवर परत जायचं. सगळी भीती या सहा जागांत आहे, म्हणून शब्द नेमका हवा असं मला मनापासून वाटतं.

'साठा' म्हटलं की चादरीच्या दुकानातले गठ्ठे डोळ्यांपुढे येतात. 'शिदोरी' खाण्यापुरती. आजी म्हणाली 'बोचकं'. शब्द गोड आहे, पण चादरीची गाठ जरा सैल केली की बोचक्यात आणखी एक लुगडं मावतं. इथं सातवी वस्तू मावतच नाही.

तुम्ही काय म्हणाल? 'पार्टनर' आणि 'प्रीक्वेल' (नंतर आलेला, पण आधीची गोष्ट सांगणारा भाग) यांनाही शब्द सुचवा.

प्रतिसाद
'खण' घ्या. कपाटाचा खण तर आहेच, पण जुन्या घरांची मापंही खणांत सांगतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं गावाकडचं घर पाचखणी होतं. म्हणजे तुमची शॉटगन दोनखणी! मोजमाप आणि जागा दोन्ही त्या एका शब्दात येतात.

प्रतिसाद
आमच्या घरात खण म्हटलं की आधी ओटीचा खण आठवतो. तरी 'दोनखणी बंदूक' ऐकताच कळलं, त्यामुळे हरकत नाही.

'पार्टनर'ला 'साथीदार' मात्र नको. बातम्यांत 'आरोपी आणि त्याचा साथीदार' इतकं वाचलंय की बिलीला उगाच पुन्हा पकडल्यासारखं वाटेल. 'जोडीदार' म्हटलं की लग्न ठरतं. विटीदांडूत, कबड्डीत आपण म्हणायचो तो 'भिडू' आहे की.

प्रतिसाद
'प्रीक्वेल'ला 'पूर्वरंग' सुचवणार होतो, पण कीर्तनात पूर्वरंग खरोखरच आधी होतो, मग आख्यान. इथं मालिकेचा पहिला भाग १९९६चा, हा २००२चा, आणि गोष्ट मात्र त्या भागाच्या आदल्या दिवशीची. सांगितली नंतर, घडली आधी. 'पूर्वकथा' बरा, जरी क्रमशः कादंबरीच्या वाचकाला त्यात 'मागील भागात काय झालं' असं ऐकू येईल.

मूळ लेखक
'दोनखणी' घरात रुळलासुद्धा. काल भाऊ म्हणाला, "हुकशॉट (आकडा-दोर फेकून वर चढायचं हत्यार) दोनखणी आहे, तू घे, माझे खण भरले." आजीला न सांगता कळलं.

'भिडू'बद्दल थोडं अडतंय. भिडू आपण निवडून घेतो. रेबेका आणि बिली आगगाडीत अचानक समोरासमोर येतात, तिचा त्याच्यावर विश्वासही नसतो. पण रसायनं फक्त ती मिसळू शकते, जड वस्तू तो ढकलतो, त्यामुळे एकमेकांवाचून पुढं सरकता येत नाही. सुरुवातीला 'सोबती' आणि पुढं 'भिडू', असं मी दोन्ही वापरणार आहे.

आणखी एक. वस्तू जमिनीवर सोडण्याला भाऊ 'टाक' म्हणतो, मी 'ठेव' म्हणतो. ती वस्तू नकाशावर दिसत राहते, परत उचलता येते, म्हणून मला 'ठेव'च पटतं. तुमच्याकडे काय म्हणतात?