विषय: पाच वर्षांचा रेंट-टू-ओन करार, शुक्रवारी सही

ह्यूस्टनजवळच्या केटीहून, सोमवार रात्री
मंडळी, भाचा शुक्रवारी सही करतोय. मालक आपल्यातलाच, गणपतीत ओळख झालेला. पाच वर्षं भाडं, मग घर घ्यायचं. ऑप्शन फी, म्हणजे पुढे घर घेण्याचा हक्क राखायचे पैसे, आठ हजार डॉलर. बोलणी सगळी मराठीत, माझ्याच स्वयंपाकघरात बसून झाली. कागद मात्र इंग्रजीत, बावीस पानं. मराठी प्रत मागता येते म्हणे. खरं का?

शुगर लँडहून
वहिनी, खरं आहे. टेक्सासचा मालमत्ता कायदा, म्हणजे प्रॉपर्टी कोड, कलम ५.०६८. बोलणी मुख्यतः इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत झाली असतील, तर करार, डिस्क्लोजर (घराच्या माहितीचे खुलासे), वार्षिक हिशेब, थकबाकीची नोटीस, सगळ्याची त्या भाषेतली प्रत विकणाऱ्याने द्यायची. करार पाच वर्षांचा आहे, म्हणजे सहीआधी वर्षाच्या आतला सर्व्हे (जागेची मोजणी) किंवा चालू मोजणीचा प्लॅट, म्हणजे नकाशा, टॅक्स सर्टिफिकेट (मालमत्ता कराचा दाखला) आणि विम्याची प्रतही मागा. सही झाल्यावर १४ दिवसांत काही कारण न देता करार मोडता येतो. ३० दिवसांत काउंटीत नोंद करायची तीही विकणाऱ्यानेच.

पेअरलँडहून
भाषांतर अंकाच्या चमूच्या गळ्यात घालू नका, हात जोडते. दिवाळी अंकाचीच मुद्रितं अजून पडून आहेत. प्रत विकणाऱ्याने द्यायची आहे ना, मग खर्चही त्याचाच. आणि ‘लीज’ला काय म्हणणार?

वुडलँड्सहून
भाडेपट्टा! वडिलांच्या साताऱ्यातल्या दुकानाच्या कागदावर तोच शब्द होता. पण ऑप्शन फीला विसार म्हणू नका. विसार किमतीत वळता होतो. ही फी वळती होणार असेल तर ते करारातच लिहून घ्या.

केटीहून, मंगळवार सकाळी
मालकाला विचारलं. म्हणाला, “मग तीन वर्षांचाच करू, म्हणजे एवढे कागद लागणार नाहीत.” भाचा तयार आहे. काय करू?

शुगर लँडहून
वहिनी, घाई करू नका. तीन वर्षं किंवा त्याहून कमी मुदतीच्या लीज-ऑप्शनला, म्हणजे अशा भाडं-मग-खरेदी कराराला, बरीच कलमं लागू होत नाहीत. मराठी प्रत गेली, ते १४ दिवसही गेले. पण कलम ५.०८५ राहतं. घरावर कर्ज असेल तर बँकेचं नाव, फोन, कर्ज क्रमांक, बाकी रक्कम, हप्ता, हे सगळं वेगळ्या कागदावर सहीच्या तीन दिवस आधी हातात पडायला हवं. मालकाने हप्ते चुकवले तर तुमच्याकडून थेट हप्ता घ्यायलाही बँकेने संमती दिलेली हवी.

आमचं ऐका. आम्ही भाडं एक तारखेला भरत होतो आणि मालक बँकेचा हप्ता भरत नव्हता. दारावर निळ्या टेपने चिकटवलेला कागद मुलीने शाळेतून येताना काढून आणला. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव. आमची फी गेली, मुलीची शाळाही बदलली. त्या दिवसापासून हा कोड मी स्वतः वाचते.

शुक्रवारी सही म्हणजे तो कागद आज यायला हवा.

पेअरलँडहून
ताई, हे तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत. वकिलाकडे जायचं असेल तर मी भाच्याबरोबर जाते, गुरुवारी मला सुट्टी आहे.

केटीहून, मंगळवार रात्री
कर्ज आहे म्हणाला. बँकेचं नाव “नंतर सांगतो”. शुक्रवारची सही पुढे ढकलली. भाचा रुसलाय, जेवला नाही. आठ हजारांचा चेक माझ्या फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे आणि तिथेच राहील. पेअरलँडताई, गुरुवारी दहा वाजता चालेल का?