आयटीतून माहिती प्रणालीच्या अध्यापनाकडे: दार एमबीएचे की एमसीएचे?

हिंजवडीचा वाटसरू
मी एमसीए आणि नंतर एमबीए केले असून गेली अकरा वर्षे बँकांच्या शाखांमध्ये संगणक प्रणाली बसवून देण्याचे काम करतो. आता माहिती प्रणाली हा विषय शिकवावा आणि त्यातच पीएच.डी. करावी असे मनात आहे. अडचण अशी, की संगणकाचे प्राध्यापक मला व्यवस्थापन विभागाकडे पाठवतात आणि तिथले लोक पुन्हा संगणकाकडे बोट दाखवतात. नोकरी न सोडता सुरुवात कोठून करावी?

गणेशखिंड
आधी कोणत्या खुर्चीवर बसायचे ते ठरवा. नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, व्यवस्थापनाचा विषय क्रमांक १७ आणि संगणकशास्त्राचा ८७ आहे. ज्या विषयात पात्रता मिळवाल, त्याच विभागाच्या जागांसाठी ती मोजली जाते. महाराष्ट्राची सेट, म्हणजे अशीच राज्यस्तरीय परीक्षा, तर आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते. तुमचा अनुभव पाहता मी १७ क्रमांक निवडला असता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र कंपनीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि किमान तीन वर्षे गृहीत धरावीत.

प्रबंधवाचक
पात्रतेपेक्षा विषयाची निवड अधिक जपून करावी, असे मला वाटते. १९८९ मध्ये संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 'एमआयएस क्वार्टर्ली' या माहिती प्रणालीच्या शोधपत्रिकेत मांडले, की एखादी प्रणाली उपयुक्त आणि वापरायला सोपी वाटली तर लोक ती स्वीकारतात. मांडणी चांगली आहे, परंतु माझ्याकडे तपासायला येणाऱ्या संशोधनाच्या आराखड्यांत त्या मांडणीवरची तीच प्रश्नावली केवळ ॲपचे नाव बदलून पुन्हा भरून घेतलेली दिसते, आणि मार्गदर्शकही त्याला मान डोलावतात. तुमच्यापाशी याहून मोलाचे काही आहे. नवी प्रणाली बसल्यावरही शाखेतला कारकून शेजारी वही का ठेवतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल. ती वही कोणत्या नोंदीसाठी लागते, कोणाच्या सहीसाठी लागते, आणि संगणकात ती जागा का नाही, यावरच प्रबंध उभा राहू शकतो. मात्र बँकेची लेखी परवानगी आराखडा सादर करण्यापूर्वीच घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याचे दीड वर्ष त्यापायी वाया गेले.

तासिकावाली
पगाराचेही बोलायला हवे. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, पण ते नियमित पदावर. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माझ्यासारखीला सुट्टीच्या महिन्यांत काहीच मिळत नाही. घराचे हप्ते चालू असतील तर राजीनाम्याची घाई करू नका.

हिंजवडीचा वाटसरू
सर्वांचे आभार. हप्ते चालू आहेत, त्यामुळे अर्धवेळच करीन. वहीचे म्हणाल, तर कोल्हापूरकडच्या एका शाखेत मी ती पाहिली आहे. तिला तिथे 'खरी नोंद' म्हणत.