फुटबॉल प्रशिक्षक नेमताना त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द किती मोजावी?

गोदाकाठ (परभणी)

आमच्या जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेने फुटबॉल प्रशिक्षकाच्या जागेसाठी जाहिरात काढली आहे. ‘उमेदवार राष्ट्रीय पातळीवर खेळलेला असावा’ ही तिच्यातील पहिली अट असून, शिकवण्याचा अनुभव मात्र ‘असल्यास प्राधान्य’ एवढ्यावर आटोपला आहे. ही उतरंड उलटी लागली आहे असे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठी मी फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील यांची कारकीर्द पुढे ठेवतो.

महिंद्र आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांकडून आणि भारताकडूनही खेळलेले जमील 2007 मध्ये मुंबई एफसीत आले, परंतु दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही आणि खेळाडू म्हणून त्यांची वाट तिथेच संपली. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी त्याच संघाचे प्रशिक्षकपद हाती घेतले आणि सात हंगाम सांभाळले. या सात वर्षांत एकही विजेतेपद नाही. पण बेताच्या पैशांत उभा केलेला तो संघ खालच्या श्रेणीतही घसरला नाही. 2016 मध्ये संघाने त्यांना निरोप दिला आणि ते मिझोरमच्या ऐझॉलकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात आय-लीग या देशपातळीवरील साखळी स्पर्धेतून खाली घसरला होता. नंतर निर्णय फिरवून त्याला स्पर्धेत ठेवण्यात आले होते. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजाँग संघाविरुद्ध आधी गोल स्वीकारून ऐझॉलने 1-1 अशी बरोबरी साधली आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून विजेतेपद मिळवले. जमील यांना सोडणारा मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला गेला. हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही.

ऐझॉलला त्या हंगामात जे मिळाले, ते जमील यांच्या खेळाडूपणाचे फळ नव्हते. प्रशिक्षकाच्या बाकावर बसून काढलेल्या सात वर्षांचे होते.

जुना बचावपटू (नांदेड)

आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते, हे नम्रपणे सांगतो. जमील भारताकडून खेळलेले आहेत, म्हणजे जाहिरातीतील अट ते पूर्ण करतात. जगाकडे पाहिले तरी ब्राझीलचे झागालो, जर्मनीचे बेकेनबाउर आणि फ्रान्सचे देशाँ या तिघांनी खेळाडू म्हणूनही विश्वचषक जिंकला आणि प्रशिक्षक म्हणूनही. आपल्याकडे 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार असलेले पी. के. बॅनर्जी पुढे देशातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक ठरले.

मुद्दा नावलौकिकाचा नाही, पायाचा आहे. चेंडू छातीवर घेऊन पायाशी उतरवताना श्वास नेमका कधी सोडायचा, हे तोंडाने सांगून मुलाला उमगत नाही. समोर कोणी तरी ते करून दाखवावे लागते. शिवाय मोठ्या सामन्यातील दडपण ज्याने स्वतः सोसलेले नाही, तो पेनल्टी हुकलेल्या मुलाशी काय बोलणार? आणि जमील यांच्या यशालाही मर्यादा आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला, काफा नेशन्स चषकात (मध्य आशियाई महासंघाची स्पर्धा) ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळाला, हे खरे. परंतु त्यानंतर गोव्यात सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली, आशियाई चषकाचे दार बंद झाले आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही हरवले.

क्रीडाशिक्षिका (अंबाजोगाई)

नांदेडच्या दादांनी हैदराबाद विसरायला नको होते, कारण 1956 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्याच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला आणि भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. 1962 च्या जकार्तातील स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा रहीम साहेबांनी त्यांना घरी बसवले नाही, तर आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या 2-1 या विजयात एक गोल जर्नेल यांचा होता आणि दुसरा, आपण ज्यांचे नाव घेतले त्या पी. के. यांचा. मग पी. के. यांना कोणी घडवले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

मी स्वतः खो-खोची खेळाडू. फुटबॉल मी शिबिरांतून आणि पुस्तकांतून शिकले. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. उन्हाळ्यात त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल बुटासकट पाय धरून ठेवतो. सातवीतली एक मुलगी पास देताना मान वर करायचीच नाही. मी तिला चेंडू कसा मारायचा हे एकदाही दाखवले नाही. फक्कीच्या दोन रेषांमध्ये तिला उभे केले आणि चेंडू तिच्याकडे निघाला की मागून विचारत राहिले, ‘डावीकडं कोण आहे?’ पहिले आठ दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या आठवड्यात चेंडू पायाला लागायच्या आत ती नाव सांगू लागली. ही नजर आहे, आणि ती शिकवायला माझ्या पायांत राष्ट्रीय स्पर्धा असण्याची गरज पडली नाही.

जुना बचावपटू (नांदेड)

ताई, रहीम साहेबांचे नाव निघाल्यावर मला हात जोडावेच लागतात. तरीही त्यांच्यासारखा माणूस पिढीत एखादा होतो आणि भरतीचे नियम अपवादावर बेतता येत नाहीत. बारा वर्षांखालील लेकरांसाठी आपली पद्धत मला मान्य आहे. सतरा-अठराच्या मुलाला मात्र समोर उभा असलेला माणूस खेळलेला हवा असतो. त्याशिवाय तो त्याचे ऐकत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गोदाकाठ (परभणी)

ऐकणे पहिल्या आठवड्यापुरते नावावर चालते, हे मी मान्य करतो. पुढे चालत नाही. मॅराडोनापेक्षा मोठे नाव कोणते घ्यावे? 2010 च्या विश्वचषकात त्यांच्या हाताखाली, मेस्सीसारखा खेळाडू संघात असताना, अर्जेंटिना उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून 0-4 हरला. जमील भारताकडून खेळले होते हे मी नाकारत नाही. परंतु तेवढ्या बळावर त्यांना ऐझॉल मिळाले नाही. संस्थेला मी जे निवेदन देणार आहे, त्यात ‘राष्ट्रीय खेळाडू’च्या जागी फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षक परवाना आणि किमान तीन वर्षे शिकवल्याचा दाखला, एवढीच मागणी ठेवतो.

जुना बचावपटू (नांदेड)

त्या निवेदनावर माझी सही धरू नये. मात्र एक सूचना त्यात अवश्य घालावी: मुलाखत कार्यालयात न घेता मैदानावर घ्यावी. प्रत्येक उमेदवाराच्या हाती शाळेचीच वीस मुले आणि सहा चेंडू द्यावेत, तासभर सराव घ्यायला सांगावे आणि समितीने कडेला उभे राहून पाहावे.

क्रीडाशिक्षिका (अंबाजोगाई)

ही सूचना निवेदनात असेल, तर माझी सही धरावी. आणि त्या वीस मुलांमध्ये दहा मुली असाव्यात, हेही लिहावे.