आठवीला इंग्रजी राजवट नाट्यातून शिकवायची आहे: सुप्याचा १८७५चा उठाव कसा घ्यावा? सल्ला हवा

पाटीखडू

नमस्कार मंडळी. मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आठवीला इतिहास शिकवते. वर्गात ४६ मुलं, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. गेल्या वर्षी इंग्रजी राजवटीवर नाटुकलं बसवलं होतं. टोपीवाला साहेब, हातात चाबूक, शेवटी भारतमाता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने वर्गात विचारलं, साहेब शेतकऱ्याकडून नेमकं काय नेत होता आणि कशाच्या जोरावर? वर्ग गप्प. मग एक मुलगा म्हणाला, "चाबकाच्या." मी त्याला तेवढंच दाखवलं होतं.

तेव्हापासून मनात आहे की यंदा आपल्याच भागातली गोष्ट घ्यावी. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं (कर्जाचे लेखी करार) मागून घेतली आणि जाळली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही आलं. सहा तासिका मिळतील. वर्गात काही पेटवायचं नाही, हे उघड आहे. मुलींना 'शेतकऱ्याची बायको' यापलीकडे भूमिका हव्यात. कोणी हे केलं असेल तर सुरुवात कुठून करावी ते सांगा.

नांगरट

ताई, सुपं जरूर घ्या. मी इंदापूरकडे बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली सात-आठ वर्षं हाच पाठ या पद्धतीने घेतला. सुरुवात उठावापासून करू नका, कागदापासून करा.

पहिल्या तासाला मी काहीच न सांगता प्रत्येकाच्या हातात एक कर्जखत द्यायचो. मोडीत लिहिलेलं. मजकूर साधाच: अमक्याने शंभर रुपये घेतले, व्याज इतकं, तारण अमुक जमीन. एक मुलगा सावकार म्हणून गादीवर बसवायचा, त्याला मजकूर माहीत. बाकीच्यांनी ओळीने यायचं, खाली अंगठा उठवायचा आणि पाच कागदी रुपये घेऊन जायचं. मुलं हसत-हसत अंगठे उठवतात. दुसऱ्या दिवशी तेच खत बाळबोधीत (म्हणजे देवनागरीत) वाचून दाखवायचं. तारणात जमीन आहे हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यावर पुढचे पाच तास उभे राहतात. आजच्या पोरांना मोडी येत नाही, त्यामुळे त्या काळच्या निरक्षर कुणब्याच्या जागी ती आपोआप जाऊन बसतात.

मग गणित. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साठू नये. पण सावकार दर तीन वर्षांनी नवं खत करून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज मुदलात घालू लागला. फळ्यावर मांडा: शंभर रुपये, दर साल पंचवीस टक्के धरू. तीन वर्षांनी १७५चं नवं खत. सहा वर्षांनी ३०६. नऊ वर्षांनी जवळजवळ ५३६, आणि मधल्या काळात एक पैसा नवा घेतलेला नाही. पंचवीसचा दर मी हिशेबासाठी धरला आहे. उठावानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनपुढे तर शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं होतं. गणिताच्या सरांना सोबत घ्या, त्यांचाही चक्रवाढ व्याजाचा धडा होऊन जातो.

तिसऱ्या तासाला बाहेरचं जग आणा, नाहीतर सगळा दोष एका सावकाराच्या माथी बसतो. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६२मध्ये इंग्लंडात येणाऱ्या कापसापैकी बहुतांश हिंदुस्थानातला होता. मुंबईच्या व्यापाऱ्याने शहरातल्या सावकाराला उचल दिली, त्याने गावातल्या सावकाराला, त्याने रयतेला. १८६५ला युद्ध संपलं आणि दोर उलटा ओढला गेला. याच सुमारास तीस वर्षांच्या जुन्या बंदोबस्ताची (जमिनीचा सारा, म्हणजे सरकारी महसूल, ठरवून दिल्याची) मुदत संपत होती. (पहिला बंदोबस्त आमच्या इंदापुरातच १८३६ला झाला.) फेरआकारणीत सारा दीडपट-दुपटीपर्यंत चढला. भाव उतरले, सारा वाढला, उचल बंद झाली. मी वर्गात सुतळी वापरायचो: लँकेशायरपासून सुप्यापर्यंत दहा-बारा मुलं सुतळी धरून उभी राहायची. पहिल्याने ओढली की शेवटच्याच्या हाताला हिसका बसायचा.

काळी शाई

नांगरट सर, फार सुंदर. एक दुरुस्ती सुचवते, रागावू नका. त्या काळच्या खतावर अंगठा नको. आपल्याकडे निरक्षर कुणबी नांगराची निशाणी करायचा, शिपाईगडी कट्यारीची. जुन्या कागदांवर 'निशाणी नांगर' असं सर्रास दिसतं. बोटांचे ठसे सरकारी कामात रुळले ते बरंच नंतर. मुलांना नांगर काढायला लावा, आवडतं त्यांना, आणि ज्या अवजारावर पोट त्याचंच चित्र काढून जमीन गहाण टाकायची, हे त्यांच्या लक्षात राहतं.

मोडीसाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, तिथून शिकलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल. एक पान लिहून घ्या, बाकी झेरॉक्स. आणि वही खरी करा: लांबट, पानं वरून शिवलेली, लाल खारव्याची (जाड सुती कापडाची) बांधणी. आमच्या मुलांनी ती स्वतः शिवली होती. आपल्या हाताने शिवलेली वही फाडायची का, यावर त्यांनी अर्धा तास भांडण केलं. तुमच्या आगीच्या प्रश्नालाही हेच उत्तर आहे.

पाटीखडू

नांगराची निशाणी! हे मला ठाऊक नव्हतं. सुतळी उद्याच आणते.

ओसरी

थोडं वेगळं लिहिते आहे, कृपा करून मनावर घ्या. माझं माहेर मारवाडी, चार पिढ्या नगर जिल्ह्यात. सातवीत असताना आमच्या शाळेत असंच नाटक बसलं आणि बाईंनी सावकाराचं काम मला दिलं, आडनाव बघून. काम मी मन लावून केलं. पुढे दोन वर्षं मला 'सावकारीण' म्हणून हाक मारत. डबा खाताना कोणी म्हणे, हिच्याकडून चटणी घेऊ नका, व्याज लावील.

१८७५च्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती बरेच होते. इतिहास लपवू नका, पण भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या आणि तिसऱ्या तासाला अदलाबदल करा. ज्याने नांगर काढला त्याला गादीवर बसवा, म्हणजे शहरातल्या पेढीचा तगादा त्यालाही सोसावा लागेल.

दुसरी बाजू त्याहून नाजूक. ताई, तुमच्या वर्गात आजही घरावर कर्ज असलेली मुलं असणार. जप्तीचा प्रसंग कोणावर लादू नका. ज्याला नको त्याला कारकून करा, नोंदी ठेवायला माणूस लागतोच. आणि तो तास मधल्या सुट्टीच्या आधी घ्या, कोणाला बोलायचं असेल तर तुम्ही मोकळ्या असाल.

नांगरट

ओसरीताई, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलं नव्हतं. आडनावाचं तर अगदी पटलं. आता शिकवत असतो तर चिठ्ठ्याच टाकल्या असत्या.

मैलाचा दगड

मुलींच्या भूमिकांबद्दल: शेवटचे दोन तास चौकशी कमिशनला द्या. मुलींना कमिशनचे सदस्य करा, मामलेदार करा, वार्ताहर करा. प्रत्येकाने आधी घरून आपली जबानी लिहून आणायची, तोच प्रकल्प. उठावाआधीचा बहिष्कारही घ्या. १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करड्यात गावाने सावकारावर बहिष्कार टाकला होता. त्याची हजामत कोणी करेना, कपडे कोणी धुईना. तिथे गावातल्या प्रत्येकाला काम आहे.

आणि खरा अहवाल काय म्हणतो ते मुलांचा निकाल लागल्यावरच सांगा. १८७८ला तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. रयतेच्या रागाला सरकारी साऱ्याची मागणी कारण नाही, दोष सावकाराचा, असा त्याचा सूर होता. माझ्या वर्गात एकाने ताडकन विचारलं, "सर, चौकशी करणारेच साऱ्यावाले ना?" त्यानंतर १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा शिकवायला मजा येते. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. जाळपोळ करून काय मिळालं, याचं खरं उत्तर तिथे आहे, आणि ते अर्धंच आहे, कारण साऱ्याला त्या कायद्याने हात लावला नाही.

पाटीखडू

सहा तासिकांच्या नऊ झाल्या. मुख्याध्यापकांनी चित्रकलेचे तीन तास दिले, वही शिवायला.

सगळं सांगत बसत नाही. गणिताच्या तासाला ५३६ आकडा आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि त्याने स्वतः पुन्हा गुणाकार करून पाहिला. वही शेवटी फाडली नाही. वर्गाचा कौल २५ विरुद्ध २१ पडला. फाडली तर कोणाचं किती देणं होतं याचा पुरावाच जाईल, असं कारकून झालेल्या मुलाने पटवलं. कारकुनाचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. ओसरीताई, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. सुट्टीत तो माझ्याशी बराच वेळ बोलला.

कमिशनपुढे एका मुलीने विधवा कुणबिणीची जबानी दिली. अध्यक्षांनी विचारलं, "तुमची मागणी काय?" कागदात लिहून आणलेलं होतं, कर्ज माफ करा. ते तिने वाचलं नाही. म्हणाली, "आधी ते खत मला वाचून दाखवा."

मोडीतलं पान आणि त्याचं बाळबोध लिप्यंतर माझ्याकडे तयार आहे. कोणाला हवं असेल त्याने इथेच सांगा, दोन्ही पाठवते.