कसारा घाटात स्टिअरिंग थरथरते: पुढच्या डिस्क स्वस्त घ्याव्यात की महाग?

गंगापूर रोडकर:
नमस्कार. माझी २०१४ सालची डिझेल हॅचबॅक ९२,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात मुंबईला जाताना कसारा घाटात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले आणि खाली पोहोचेपर्यंत ते वाढतच गेले. शहरात मात्र ते फारसे जाणवत नाही. गॅरेजवाल्यांनी पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या थाळ्या, ज्यांना ब्रेक पॅड दाबून धरतात) बदलायला सांगून जोडीचे तीन भाव दिले आहेत: बिननावाच्या डिस्क १,८०० रुपये, गाडीच्या कंपनीच्या ४,६०० आणि परदेशी नाव असलेल्या हाय-कार्बन ९,५००. तिन्ही हातात घेऊन पाहिल्या, पण मला फरक कळला नाही. वर्षातून चार-पाच वेळा मुंबई आणि आईवडिलांना घेऊन एकदा-दोनदा सप्तशृंग गड, एवढाच माझा घाटाचा प्रवास असतो. अशा वापरासाठी कोणती जोडी घेणे शहाणपणाचे ठरेल?

इंदिरानगर:
माझ्या गाडीला तीन वर्षांपूर्वी बिननावाच्याच डिस्क बसवल्या आणि आजवर तक्रार आलेली नाही. मात्र ती गाडी केवळ शहरात फिरते, घाटात एकदाही गेलेली नाही, हे लक्षात घ्यावे.

अंबडचा मशिनिस्ट:
ओतीव लोखंडाच्या यंत्रणाचे (म्हणजे यंत्रावर कातून अचूक मापाला आणण्याचे) काम मी बरीच वर्षे करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिन्ही डिस्क दिसायला सारख्या असणारच, कारण तिन्ही करड्या ओतीव लोखंडाच्याच आहेत. फरक आहे तो ओतकामात आणि यंत्रणाच्या अचूकतेत, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आधी घाटाचा हिशेब पाहू. चार माणसे बसलेली आपली गाडी साधारण १,४०० किलो धरली आणि ती सुमारे ३०० मीटर खाली उतरली, तर तेवढ्यात सुमारे ४१ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. इतक्या उष्णतेत बारा लिटर थंड पाणी उकळीला येईल. इंजिनाने काही भार उचलला नाही, तर यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना झेलावा लागतो. शहरात एक ब्रेक आणि दुसरा ब्रेक यांच्यामध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो, तसा तो घाटात मिळत नाही. म्हणून इंदिरानगरच्या सदस्यांचा अनुभव खरा असूनही तुमच्या प्रश्नाला तो पुरेसा नाही.

लोखंडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनेही शोषली जातात. हाय-कार्बन डिस्कमध्ये हे ग्राफाइट अधिक असल्याने ती उष्णतेचा मारा जास्त शांतपणे सहन करते. हा फायदा खरा आहे, परंतु तो वारंवार आणि जोरात ब्रेक लावणाऱ्याला अधिक मिळतो. स्वस्त डिस्कमध्ये मला चिंता वाटते ती वेगळ्या कारणाने. हवा खेळणाऱ्या डिस्कच्या दोन थाळ्यांमधल्या पात्या ओतताना गाभा (साच्याच्या आत पोकळी राखणारा भाग) जरासा सरकला, तर एक थाळी जाड आणि दुसरी पातळ राहते, आणि तापल्यावर दोन्ही सारख्या प्रसरण पावत नाहीत. प्रत्येक बिननावाची डिस्क अशीच असते असे मी म्हणणार नाही, पण तुमच्या हातात आलेली जोडी कशी आहे हे सांगायला तिच्यामागे कोणीही उभे नसते. त्यामुळे ती मी माझ्या गाडीला बसवणार नाही. तुमच्या वापरासाठी ४,६०० ची जोडी योग्य आहे. युरोपातील ‘आर ९०’ (बदली ब्रेक भागांसाठीचा नियम) मान्यतेची खूण असलेली एखादी जोडी त्याच भावात मिळाली, तर तीही चालेल.

मात्र खरेदीपूर्वी एक आग्रहाची विनंती आहे. डिस्कच वाकडी झाली असे गृहीत धरू नका. पुष्कळदा पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटलेला असतो, किंवा हबवर (ज्यावर डिस्क आणि चाक बसते त्या भागावर) गंजाची पापडी असल्याने डिस्क तिरकी बसलेली असते. गॅरेजमध्ये डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारे मापक) लावून डिस्क हलकेच फिरवायला सांगा आणि मायक्रोमीटरने कडेपासून सारख्या अंतरावर सात-आठ ठिकाणी जाडी मोजा. जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक असला, तरी पायाखाली थरथर जाणवते. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. मोजमाप त्याच्या बरेच वर असेल, तर लेथवर फेस मारून (पृष्ठभाग थोडा कातून सपाट करून) काम भागू शकते.

नवी डिस्क जुन्या हबवर बसवताना हब तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासून घेतला नाही, तर ९,५०० ची डिस्कही काही महिन्यांत थरथरू लागेल. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळावेत. हवेच्या गनने जोरात आवळलेले नट डिस्कला ओढून धरतात.

सिन्नरफाटा:
वरील सदस्यांशी मी सहमत आहे. एवढीच भर घालतो की नव्या डिस्कबरोबर पॅडही नवेच घ्यावेत आणि कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्यावे. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर तेही बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषत राहते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. आपल्याकडील पावसाळ्यानंतर तर हे विसरूच नये. नवी जोडी बसल्यावर पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक दाबावा. आणि घाटात गिअर खाली घेऊन उतरावे.

गंगापूर रोडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गाडी मोजून घेतली. डिस्कवर किमान जाडी १८ मिलिमीटर कोरलेली आहे. डावी १८.३ आणि उजवी १८.२ भरली, आणि उजवीच्या जाडीत ०.०३ मिलिमीटरचा फरक आढळला, त्यामुळे लेथचा पर्याय उरला नाही. दोन्ही हबवर गंजही निघाला. कंपनीची जोडी आणि नवे पॅड घेतले, हब माझ्यासमोर घासून घेतला आणि नट टॉर्क पान्यानेच आवळायला लावले. ब्रेक ऑइलही बदलले. पुढच्या रविवारी आईला घेऊन गडावर जायचे आहे. नांदुरीच्या घाटातून उतरून आलो की येथेच कळवतो.