शेतातल्या जुन्या पडक्या इमारती: पाडण्याआधी नोंद सक्तीची हवी का?

धागाकर्ता
हवी, आणि ती बांधकामाची परवानगी देण्याच्या आधी व्हायला हवी. बुलडोझर दारात उभा असताना काढलेल्या चार फोटोंना मी नोंद मानत नाही. पडझड झालेल्या भिंतीत धडधाकट इमारतीपेक्षा कधी कधी जास्त दिसतं. गिलावा गळाला की दगडकामातला उभा सरळ सांधा उघडा पडतो आणि मूळ इमारत कुठे संपली, वाढीव भाग कुठे सुरू झाला ते कळतं. तुळयांच्या खाचांवरून नाहीशा झालेल्या माळ्याची उंची मोजता येते. युरोपातल्या अनेक जुन्या कोठारांना समोरासमोर दोन मोठी दारं असतात. मधल्या जागेत मळणी व्हायची आणि दारांमधून येणाऱ्या वाऱ्यावर उफणणी. हे मोजून, रेखाटून ठेवलं नाही तर पाडकामानंतर परत मिळवायची सोय नाही.

प्रतिसाद १
माझा विरोध आहे. छप्पर कोसळत होतं तेव्हा कोणी फिरकलं नाही. आता जमीन विकायची वेळ आली की सगळ्यांना इतिहास आठवतो. खर्च आणि उशीर मात्र मालकाच्या माथी. प्रत्येक गोठा काही वारसा नसतो.

धागाकर्ता
प्रत्येकाला सारखीच नोंद लागते असं मी म्हणत नाही. इंग्लंडमधल्या ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा जतनाच्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शिकेत नोंदीच्या चार पातळ्या आहेत: पहिलीत जुजबी वर्णन आणि फोटो, चौथीत सखोल विश्लेषण. साध्या गोठ्याला पहिली पुरते. खर्चाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. तो विकासकाने उचलावा, कारण नफा त्याचा. सरकारनेही उचलल्याचं उदाहरण आहे. अमेरिकेने 1933 मध्ये मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना ऐतिहासिक इमारतींच्या मोजणीवर नेमलं. ते नकाशे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही पाहता येतात.

प्रतिसाद २
मला उलटीच भीती आहे. नोंद झाली, आता पाडा, असा पायंडा पडतो. इंग्लंडच्या 2012 च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात म्हणूनच स्पष्ट लिहिलं होतं की नोंद करता येते, हे पाडण्याची परवानगी देण्याचं कारण होऊ नये. शिवाय कागदाला नवे प्रश्न विचारता येत नाहीत. तुळईवर सालीलगतची कडा शाबूत असेल आणि तुलनेसाठी त्या प्रदेशाची वलयमालिका (झाडांच्या वार्षिक वलयांची वर्षवार नोंद) असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही निघू शकतं. पण त्यासाठी तुळई हवी, तिचं चित्र नव्हे.

धागाकर्ता
पटलं, म्हणूनच परवानगीआधी म्हणतोय. पाहणीत काही मोलाचं निघालं तर नकार देण्याची वाट मोकळी राहते. पाडायचंच ठरलं तर लाकडाचे नमुने आधी घ्या. आणि अहवाल विकासकाच्या फाइलीत पडून राहता कामा नये. 1964 च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वास्तू जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्याने, जतनकामाच्या नोंदी सार्वजनिक संस्थेच्या दप्तरात ठेवायला सांगितलं आहे.

प्रतिसाद १
पाहणीला ठरलेली मुदत आणि खर्च विकासकाचा, एवढं लेखी असेल तर मी हरकत घेणार नाही. पण नकार मिळाला, तर पुढे त्या भिंती सांभाळायच्या कोणी? याचं उत्तर दोघांनीही दिलेलं नाही.